कढणातला मासा

मी जपानला निघालो तेव्हा आमच्या गावात, वरकुट्यात, सगळ्यांना एकाच गोष्टीची काळजी होती. हा तिथं खाणार काय? विमानाची, भाषेची, थंडीची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

"तितं भाकरी मिळती का न्हाय?" आईनं विचारलं.

"न्हाय. भात खात्यात."

"रोज? आजाऱ्यावानी?"

आमच्याकडं भात म्हणजे सणाला, नाहीतर ताप आल्यावर. आई शेंगदाण्याची चटणी कुटत बसली होती. माझे वडील, आबा, मात्र निवांत होते. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं, शेती नंतर आली. "आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो, तवा नाचणीचीच भाकरी मिळायची," ते म्हणाले. "चार दिस पोट कुरकुरायचं, मग गप बसायचं. तुजंबी बसंल."

मला ते पटलं. माझं पोट त्यांच्याच घरातलं होतं.

त्या वर्षांत बारामतीच्या एमआयडीसीत नवे कारखाने उभे राहत होते. आमच्या कारखान्यात जपानी मशीन येणार होती आणि ती शिकून यायला दोघांना वर्षभर पाठवायचं ठरलं. एक मी, आयटीआय झालेला फिटर. दुसरा बारामतीचाच एक इंजिनिअर. त्याचे वडील कॉलेजात शिकवायचे. घर असं शाकाहारी की अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कारखान्यात मी त्याला साहेब म्हणायचो. जपानमध्ये एकाच खोलीत राहायला लागल्यावर आठवड्यातच आम्ही अरे-तुरेवर आलो.

कंपनीच्या वसतिगृहातली मेस एक बाई चालवायच्या. माझ्या आईच्याच वयाच्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलं.

मी पहिल्या दिवसापासून समोर येईल ते खाल्लं. भाजलेला मासा, कच्चा मासा, गरम भातावर फोडलेलं कच्चं अंडं. आंबवलेल्या सोयाबीनचा एक प्रकार असायचा, त्याला चिकट तारा सुटायच्या. तो तीनदा खाऊन पाहिला आणि सोडून दिला. बाकी सगळं जमलं. अडचण एकच, भाजीत साखर असायची आणि मिरचीचा पत्ता नसायचा. मग मी प्रत्येक घासाला आईची चटणी लावायचो.

इंजिनिअरचं तसं नव्हतं. घरून आणलेलं मेतकूट, लाडू आणि लोणचं संपलं, तसा तो भात, मुळ्याचं लोणचं आणि सोयाबीनच्या कढणावर आला. ते कढण त्याला फार आवडायचं. वाटी दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायचा. "ही आमटीच आहे रे," म्हणायचा. "हिच्यावर मी वर्ष काढीन."

एका रविवारी मला करमेना, म्हणून मी बटाटे सोलू लागायला स्वयंपाकघरात गेलो. मावशींनी एका पिशवीतून वाळलेल्या बारक्या माशांची मूठ काढून पाण्यात टाकली. वास आला आणि मी एकदम इंदापूरच्या बाजारात जाऊन उभा राहिलो. सुकटच होती ती! मी इतका खूश झालो की एक मासा उचलून तसाच तोंडात टाकला. मावशी हसल्या. मग त्यांनी ते पाणी उकळलं, गाळलं आणि त्यात सोयाबीनची पेस्ट कालवली.

माझं हसू तिथंच थांबलं. हे तर रोजचं कढण.

दुपारी आम्ही दोघं नदीकाठी फिरायला गेलो. मी सरळ सांगितलं, "त्या कढणात मासा असतो. सुकटीचं पाणी असतं ते."

तो थांबला. "आजच की रोज?"

"रोज. पहिल्या दिवसापासून."

तो काठावरच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलंच नसतं."

"व्हय. म्हणूनच सांगितलं."

त्या दिवसापासून त्याचा कशावरच भरवसा राहिला नाही आणि तो नुसता भात आणि मीठ खायला लागला. त्याचे डोळे खोल गेले. एकदा कारखान्यात मशीनला धरून खाली बसला. त्या संध्याकाळी त्यानं बॅग बाहेर काढली आणि म्हणाला, "मी परत जातो. तू शीक, मला तिथं शिकव."

"जायचं तर जा," मी म्हणालो. "पण थोडं थांब. मला मावशींशी बोलू दे."

माझी जपानी भाषा मोडकी होती, पण मेसपुरती पुरायची. मी मावशींना म्हणालो, "हा मासा नाही खात. मांस नाही. अंडं नाही."

"आजारी आहे?"

"नाही. त्याच्या घराची रीत आहे. कढणातला मासा त्याला माहीत नव्हता."

मावशींनी सुरी खाली ठेवली. हात पुसले आणि थेट जेवणाच्या खोलीत गेल्या. सगळे कामगार जेवत होते. सगळ्यांच्या देखत मावशी इंजिनिअरपुढं कमरेत वाकून उभ्या राहिल्या आणि माफी मागितली. तो गडबडून उठला. काय करावं सुचेना, म्हणून तो त्यांच्या पाया पडायला खाली वाकला. मावशी दचकून मागं सरल्या, सगळी खोली हसली आणि मग त्या दोघांनाही हसू आलं.

त्यांच्याकडं वारलेल्या माणसांच्या नावानं जेवण करतात तेव्हा त्यात मासा-मांस चालत नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्याच रीतीनं त्यांनी वाळवलेली अळंबी आणि समुद्रातलं शेवाळ भिजवून त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात कढण केलं. त्यानं पहिल्यांदा वाटीचा वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं.

"पी," मी म्हणालो. "शेजारी उभा राहून बघितलंय."

तो प्यायला. मग आणखी मागितलं.

त्यानंतर मी स्वयंपाकघरातलाच झालो. मावशी ज्या काळपट पिठाच्या शेवया करायच्या, ते पीठ मी हातावर घेऊन पाहिलं. ज्वारीसारखंच, चिकटपणा नसलेलं. गरम पाण्यात मळलं आणि थापायला बसलो. मी जन्मात भाकरी केली नव्हती, आईला बघितलं होतं एवढंच. पहिली तव्यावर टाकतानाच मोडली. दुसरी जाड झाली. पुढची मात्र पाणी फिरवल्यावर नीट भाजली आणि वरचा पापुद्रा सुटला. आम्ही तिघांनी ती उभ्या उभ्याच चटणीबरोबर खाल्ली. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्या चटणीला पुन्हा बोट लावत होत्या. त्या रात्री इंजिनिअरनं बॅग परत कपाटावर ठेवली.

वर्ष पुरं करून आम्ही दोघंही परतलो. त्याच्या आईनं मला बारामतीला जेवायला बोलावलं. पुरणपोळी वाढता वाढता त्यांनी मलाच विचारलं, "तिकडे यानं सगळं पाळलं ना हो?"

मी त्याच्याकडं पाहिलं. सांगायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं होतं.

"नाही, आई," तो म्हणाला. "सुरुवातीला माशाच्या पाण्यातलं कढण पीत होतो. माहीत नव्हतं. यानं सांगितलं, मग बंद केलं."

त्याच्या वडिलांनी घास खाली ठेवला. त्याच्या आईनं विचारलं, "आणि सांगितल्यावर खाल्लंस काय?"

"यानं भाकऱ्या थापल्या."

त्या माझ्याकडं वळल्या. "तुम्ही?"

"पहिल्या दोन बिघडल्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पोळीवर तुपाची धार धरली आणि मी पुरे म्हणेपर्यंत हात थांबवला नाही. पोटभर जेवून मी मोटरसायकलला किक मारली आणि वरकुट्याच्या रस्त्याला लागलो. घरी मटण शिजत होतं आणि तिथंही मला भरपूर जेवायचं होतं.