देवसिंग लाइनमनचा ब्लॉग

देवसिंग राठोड टेलिफोन खात्यात लाइनमन होते. दोन हजार वीसच्या जानेवारीत खात्यात स्वेच्छानिवृत्ती आली आणि पांढरकवड्याच्या ऑफिसातली बरीच माणसं एकाच दिवशी घरी गेली. देवसिंग तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. गुडघे शाबूत, नजर चांगली, अन् दुसऱ्या दिवसापासून काही काम नाही. पुढं दोन महिन्यांत सगळा देशच घरी बसला, तेव्हा ते गमतीनं म्हणायचे की मी जरा आधी सुरुवात केली.

गंमत फार दिवस टिकली नाही. जन्मभर उन्हातान्हात खांबांवर चढलेला माणूस घरात नंदाबाईंच्या पायात पायात येऊ लागला. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, तर नंदाबाईंना दोन दिवस हळद सापडली नाही. त्यांची मुलगी बबिता नागपूरला नर्स आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं बापाच्या मोबाइलवर एक ब्लॉग काढून दिला आणि सुचवलं की लवकर निवृत्त झालेल्या माणसानं कसं राहावं, ते लिहा. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

देवसिंगांनी मनावर घेतलं. नाव ठेवलं ‘खांबावरून’. पण पहिले लेख इकडून तिकडून वाचलेल्या उपदेशांचेच होते. पहाटे उठावे. कोमट पाणी प्यावे. पत्नीला घरकामात मदत करावी. बबितानं एक लेख फोनवरून आईला वाचून दाखवला. नंदाबाई सुपात तूर पाखडत होत्या. घरात दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलत. पण थट्टा करायची झाली की नंदाबाई हमखास वऱ्हाडीवर येत.

“हा कोण माणूस हाय वो?” त्यांनी विचारलं. “लय चांगला दिसते. आपल्या घरी काहून नाही येत?”

शेजारी बसलेल्या देवसिंगांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा केला, आणि मनाशी ठरवलं की आपण केलंय तेवढंच लिहायचं. मग ब्लॉगची चालच बदलली. पिठल्यात गुठळ्या कशा झाल्या, ते आलं. बायकोबरोबर आठवडी बाजारात गेल्यावर भाजीवाल्या तिला नावानं हाका मारतात आणि आपल्याला कुणी ओळखत नाही, हे आलं. बीपीची गोळी विसरून आलेली चक्करही आली. ज्यांच्याबरोबर नोकरी केली ते लोक वाचू लागले.

हळूहळू जुने दिवस आले. ट्रंक कॉलचे. देवसिंग तेव्हा राळेगावला नेमणुकीवर होते. तिथलं एक्स्चेंज छोटंसं, बाहेर लाकडी बाकडं. मुंबईचा, नाही तर हैदराबादचा कॉल लावून माणसं त्या बाकड्यावर अर्धा अर्धा दिवस बसत. तोवर एकमेकांच्या घरची सगळी हकिगत कळून जाई. कुणाच्या डब्यातली भाकरी कुणाच्या हातात जाई. आणि फोन लागला की आतला माणूस इतक्या मोठ्यानं बोले की बाहेरच्यांनाही त्याच्या मुलाचा निकाल कळे. देवसिंगांनी लिहिलं, “आता कॉल लगेच लागतो. पण त्या बाकड्यावर जी माणसं भेटली, ती पुन्हा कुठं भेटली नाहीत.”

त्याच लेखात त्यांनी बबिताच्या जन्माची गोष्ट सांगितली. नंदाबाई बाळंतपणाला महागावला माहेरी गेल्या होत्या. वादळानं वडकीकडची लाइन तुटली होती आणि देवसिंग सकाळपासून त्या रस्त्यावर होते. इकडे त्यांचा मेहुणा किसनसिंग यानं महागावहून राळेगावला निरोप दिला. पण तो पुढं देवसिंगांना पोचवायचा कसा? लाइनच बंद. संध्याकाळी शेवटच्या खांबावर तार जोडून देवसिंगांनी चाचणीचा फोन लावला आणि नेहमीसारखं म्हणाले, “टेस्टिंग.”

पलीकडून ऑपरेटर कौसल्याताई मेश्राम यांचा आवाज आला. “लाइन चालू झाली, देवसिंग. मुलगी झाली तुम्हाला. आधी खाली उतरा, मग नाचा.”

लेख टाकल्यावर चार दिवसांनी त्याखाली काही ओळी उमटल्या. “मी कौसल्या मेश्राम. त्या दिवशी माझी ड्यूटी दुपारीच संपली होती. लाइन जोडली की पहिला आवाज तुमचाच येणार, हे माहीत होतं. अशी बातमी ओळखीच्या माणसानं द्यावी वाटलं, म्हणून बसून राहिले.”

देवसिंगांना हे कधीच माहीत नव्हतं. एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं तशी ऑपरेटर मंडळी पांगली होती, आणि कौसल्याताई कुठं गेल्या याची त्यांनी कधी चौकशीही केली नव्हती. नंदाबाईंनी त्या ओळी नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतल्या. बबिता झाली त्या दिवशी त्या महागावच्या दवाखान्यात पोरीला कुशीत घेऊन दाराकडं बघत पडल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, “मले त्या बाईले भेटाचं हाय.”

कौसल्याताई यवतमाळला राहत होत्या. देवसिंगांनी ब्लॉगवरच येऊ का म्हणून विचारलं, तर उत्तर आलं: “जरूर या. फक्त फोन करू नका. मला आता ऐकू येत नाही.”

दोघं एसटीनं गेले. कौसल्याताईंच्या सुनेनं, राखीनं, दार उघडलं. तिनं हळूच सांगितलं की कानाच्या मशीननंही फारसा फरक पडत नाही, आणि आईंनी लोकांत जाणं सोडलंय. कौसल्याताई पलंगावरून उठून पुढं आल्या. केस पांढरे, चष्मा जाड. “जय भीम, देवसिंग,” त्या म्हणाल्या, आणि देवसिंग उभ्याचे उभेच राहिले. आवाज तोच होता, तारेतून यायचा तो. अनेक वर्षं उन्हात, पावसात, खांबावर एकटं असताना ज्यानं सोबत केली तो.

मग देवसिंग मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहीत आणि त्या वाचून उत्तर देत. नंदाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सरळ जाऊन शेजारी बसल्या आणि कौसल्याताईंचा हात हातात धरून ठेवला. निघताना त्यांनी नवऱ्याला लिहायला लावलं की होळीला आमच्या तांड्यावर या, बबिताही येणार आहे.

“मी येऊन काय करू?” कौसल्याताई म्हणाल्या. “तुमची गाणी मला ऐकू येणार नाहीत.”

“तिले म्हणा, मी हावो सोबत,” नंदाबाई म्हणाल्या, आणि देवसिंगांनी तसंच लिहिलं.

होळीला राखी त्यांना महागावजवळच्या तांड्यावर घेऊन आली. बबिता पाया पडली, तेव्हा कौसल्याताईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. होळीची लेंगी गाणी सुरू झाली, बायका गोल धरून नाचू लागल्या, आणि नंदाबाई कौसल्याताईंना डफ वाजवणाऱ्यांच्या अगदी जवळ घेऊन बसल्या. थोड्या वेळानं कौसल्याताईंनी देवसिंगांची बाही ओढली.

“डफ येतो आहे,” त्या म्हणाल्या. “छातीत येतो आहे.”

आता त्या महिन्यातून एकदा पांढरकवड्याला येतात. नंदाबाईंनी त्यांच्याकडून अक्षरं गिरवायला घेतली आहेत. दोघींना बोलायचं तर दुसरा रस्ता नाही. देवसिंग तेवढ्यात चहा करतात. ब्लॉगवर मधले बरेच दिवस काही आलं नाही, तेव्हा वाचकांनी तब्येत विचारली. त्यांनी कळवलं की तब्येत ठीक आहे, घरी पाहुणे आहेत.