लेझमीची ओळ

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला मी दरवर्षी जायची, पण हार पोचवायला. हार द्यायचा, रिकामी पाटी उचलायची आणि मळ्यात परत. ऐंशी सालाच्या आगेमागे एका वर्षी मला पहिल्यांदा बघायला म्हणून बोलावणं आलं.

बोलावणारी माझं नेहमीचं गिऱ्हाईक. सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि त्यांच्या कॉलनीतल्या विहारासाठी फुलं तीच नेत असे. आम्ही दोघी एका वयाच्या आणि दोघी तोंडाने फटकळ, म्हणून जमायचं.

"या वर्षी बायकांचं लेझीम हाय," ती म्हणाली. "मी सगळ्यात पुढं. येशील ना?"

त्यांच्यातल्या बायका मिरवणुकीला पांढरी साडी नेसतात हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "मीबी पांढरी नेसू का?"

"नको गं बाई. तुझा नवरा धडधाकट हाय. तुझी सासू मला फाडून खाईल."

बायकांचं लेझीम त्या कॉलनीत आधी कधी झालं नव्हतं. तिचा थोरला दीर मिरवणुकीच्या कमिटीत होता. त्याने परवानगी दिली ती मिरवणुकीच्या अगदी शेवटी, ट्रकच्याही मागे. वर बजावलं, "बाया मधीच पदर सावरायला थांबतात. रस्त्यात एकदा जरी ओळ मोडली, तर पुढल्या वर्षी नाय." म्हणून या बाया कारखान्यातून आल्यावर, चूल उरकून, विहारासमोर सराव करायच्या.

"पदराला पिना लावल्यात," ती मला म्हणाली. "आता दिराच्या तोंडाला लावायची राहिलीय."

मी हिरवी साडी नेसून गेले. कॉलनीच्या तोंडाशी एका ओट्यावर म्हातारी बसली होती. तिने मला हाक मारली.

"माळीणबाई, आज पाटी कुठंय?"

"आज पाव्हणी हाय मी."

"मग पुढं उभ्या ऱ्हा. पाव्हण्यानं मागं नाय राहायचं."

उत्सव मी कमी पाहिले नव्हते. पंचवटीतला देवाचा रथ लहानपणापासून पाहिलेला. पण इथे सजवलेल्या ट्रकवर देव नव्हता. कोट घातलेल्या माणसाचा मोठा फोटो होता. त्याला नैवेद्य नाही, नारळ नाही. तरी माणसं त्याच्याकडे अशी बघत होती, जणू घरातलं कर्तं माणूस फार लांबून परत आलंय. आणि मागून रस्ताभर पांढऱ्या साड्या. पांढरं म्हणजे आमच्यात नवरा गेलेलीचं, कोपऱ्यात बसायचं. इथे तेच नेसून, केसांत गजरे माळून, बाया ताठ मानेनं हसत येत होत्या.

सगळ्यात शेवटी लेझीम आलं. हलगी कडाडत होती. बायांच्या दोन रांगा, सगळ्या अनवाणी, कारण चपलांनी पाय घसरतो. उन्हं कलली होती तरी डांबर तापलेलंच होतं. सगळ्यांत पुढे, दोन्ही रांगांच्या मधोमध, ती. ओळखीचं हसली नाही. माझ्या पाटीवर वाकून फुलं निवडणारी बाई ही नव्हतीच.

आमच्यात गावदेवीची पालखी दारावरून निघाली की घरची बाई पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालते. पालखी थांबते, पाय निवतात, पालखी पुढे जाते. म्हातारीच्या ओट्यावर पाण्याचं पिंप होतं. ते भाजणारे पाय पाहिले, तांब्या बुडवला आणि सरळ रस्त्यात उतरून तिच्यापुढे वाकले.

पालखी थांबते. लेझीम थांबत नाही.

"ए बाई! बाजूला!" तिचा दीर कडेने ओरडला. उशीर झाला होता. तिने पाऊल थांबवलं नाही. लेझीम डोक्यावर नेऊन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकलं, आणि रांगा फाकल्या. डावी तिच्यासकट डावीकडून, उजवी उजवीकडून. मी मध्ये उकिडवी, हातात तांब्या, आणि दोन्ही अंगांनी छन्न, छन्न. साड्यांचे काठ खांद्यांना घासून जात होते. एकीचाही पाय अडखळला नाही, एकीनेही खाली पाहिलं नाही. गोदेच्या पुरात दगडी मारुतीच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं आणि पलीकडे एक होतं, तसं झालं. मान वळवून पाहिलं तर माझ्या पाठीमागे रांगा पहिल्यासारख्या जुळल्या होत्या. मला उठायचं भान राहिलं नाही.

म्हातारीने दंडाला धरून ओढलं. "पुढं उभ्या ऱ्हा म्हणाले बाई, मधी नव्हं."

विहारासमोर मिरवणूक संपली. ती तळवे धरून पायरीवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "आमच्यात पायाबिया पडत नाय गं. अन् पाणी घालायचंच तर आत्ता घाल, आत्ता जळतायत."

तेवढ्यात दीर आला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ही बाई मधी आली तवा म्हटलं, झालं यांचं."

"मग? मोडली का ओळ?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"नाय मोडली."

"मग पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी ट्रकच्या पुढं चाला," तो म्हणाला. "पण या माळीणबाईला कुणीतरी धरून ठेवा."

"कशाला?" ती म्हणाली. "सरावाला बरी हाय. मधी उभी करू."

बाया अशा ओरडल्या की हलगीवाला दचकला.

पुढच्या वर्षी मी ओट्यावरच उभी राहिले. बाया ट्रकच्या पुढे होत्या. त्या दिसण्याआधीच, नुसत्या लेझमीच्या आवाजावर लोकांनी रस्ता मोकळा करून ठेवला होता.