चकतीवरचा पांढरा

ट्रेनिंग संपवून रोहिणखेडकडच्या एका गावात मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, दोन धोतरं आणि जगाला शहाणं करायची घाई होती. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मीही नवाच होतो. उन्हाळ्याआधी डिप्टी साहेब तपासणीला येणार आणि माझा पाठ पाहून मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार होते.

पाठ मी रंगांचा निवडला. पुठ्ठ्याच्या चकतीवर सात रंग भरायचे आणि दोरा ओवून ती भिंगरीसारखी फिरवायची, की सगळे मिळून पांढरा दिसतो. पुस्तकात तसं छापलं होतं. पुस्तकातले रंग मात्र गावात नव्हते. मुलांनी घरून हळद, कुंकू, नीळ आणली, पळसाची फुलं उकळली, मेथीचा पाला वाटला. तानापिहिनिपाजा घोकून झालं. त्यातला 'पारवा' कसा दिसतो ते मलाही धड माहीत नव्हतं, म्हणून मी आढ्यावरच्या पारव्याकडे बोट दाखवलं. त्याने लगेच माझ्या टाचणवहीवर आपला अभिप्राय टाकला.

चकती फिरली आणि मळकट दिसली. पुन्हा फिरवली, पुन्हा मळकट.

"गुरुजी, हा तं मयकट हाय," पुढच्या तरटपट्टीवरची मुलगी म्हणाली. भाजीचा मळा करणाऱ्याची लेक, तिसरीतली.

"उद्या साहेबांसमोर पांढरा म्हणायचं."

"काऊन?"

"पुस्तकात आहे म्हणून."

"पुस्तकवाल्यानं आपली चकती कुठी पाह्यली?"

मी छडी दाखवली. ही एकच गोष्ट मला ट्रेनिंगमध्ये न शिकवताच येत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब मलकापूरहून आले, कडक इस्त्रीत. चकती फिरली आणि चाळीस पोरांनी एका सुरात 'पांढरा' म्हटलं. साहेब खूश झाले. तिथेच उठले असते तर बरं होतं, पण त्यांना त्या मुलीला एकटीला विचारायची बुद्धी झाली.

"सांग बाळ, कोणता रंग?"

तिने चकती पाहिली. छडी पाहिली. मग नाल्यावर धुऊन धुऊन काळ्या मातीची कळा आलेलं माझं धोतर पाहिलं, आणि तिला वाट सापडली.

"गुरुजीच्या धोतरावानी पांढरा हाय, साहेब."

साहेब माझ्या धोतराकडे पाहत राहिले. मला माझी नोकरी जाताना दिसली.

"ही जरा मठ्ठ आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली आणि 'पाठ उत्तम' असं लिहिलं. मी कायम झालो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला शिकवता येईना म्हणून वर्गातली सगळ्यात तल्लख पोर मठ्ठ ठरली. त्याची लाज मला आजही वाटते.

दसऱ्याच्या सुमाराला मी वर्ग कपाशीच्या शेतात नेला. कपाशीचं फूल आज पिवळं उमलतं आणि उद्या गुलाबी पडतं, हे त्या पोरीला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तिनेच ते वर्गाला सांगावं, म्हणून मी एक फूल तिच्यापुढे धरलं. कोणता रंग?

फुलाकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "तुमी म्हनसान तो."