नवरदेवाच्या मानेवरचे फोड

माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाला मी घरात कोंडून ठेवलं होतं, हे खरं आहे. पण पन्नास वर्षांत या गोष्टीला नात्यागोत्यात इतके फाटे फुटलेत, की आता मीच सांगून टाकतो. अपराधी वाटतं, पण माघार घेणार नाही!

तेव्हा सरकार देवीच्या रोगामागे हात धुऊन लागलं होतं, आणि आमच्या केनवड गावात सरकारच्या वतीने मी लागलो होतो. पिशवीत लस आणि देवीच्या फोडांचं एक रंगीत चित्र. ते पाहून पाहून मला कारल्यावरही देवी दिसायच्या.

सिंधूला दोन ठिकाणांहून नकार आलेला. हे तिसरं स्थळ अनसिंगचं. मुलगा पुंडलिक, सोबत वडील आणि मामा. सिंधूने पोहे दिले, मुलाने लाजून मान खाली घातली, आणि मला त्याच्या मानेवर फोड दिसले. पाणी भरलेले!

मी उठून दाराला कडी घातली.

"पाव्हन्याले देवी आल्या. डॉक्टर येईपर्यंत कोनी बाहीर जायाचं नाई."

डॉक्टर नेमके दौऱ्यावर. नियमाप्रमाणे मी दारावर पहारा बसवला आणि सगळ्यांना लस टोचली. (मामा कणगीआड लपले होते. ओढून काढून टोचलं.) पाहुण्यांना रोज गोडधोड करणं आलं. आई मला ऐकू जाईल असा वरवंटा आपटायची. "तुह्या त्या चित्रात आधी तुहं तोंड पाह्य, बयताडा!"

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मुलाच्या वडिलांपुढे टोपी काढून ठेवली. ते मी आजही विसरलेलो नाही. मला एवढंच म्हणाले, "पोरीचं जमत आलेलं मोडून राह्यला तू."

पाहुणे अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले, म्हणून सिंधूने पुंडलिकला माझा शर्ट दिला. हळूहळू फोड सुकू लागले. ते श्रेय अर्थातच मी माझ्या लसीला दिलं!

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी मान पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात सिंधूने पुंडलिक आला तेव्हा घातलेला शर्ट आणून दिला, कॉलर उलटी करूनच. आत कपडा ओळखायला परटाने घातलेली बिब्ब्याची ताजी, काळी खूण!

"देवी कसल्या? बिब्बा उतलाय याला, त्याच्या तेलाने फोड येतात," डॉक्टर म्हणाले. "पाहुण्यांना सोडा."

मी सिंधूला स्वयंपाकघरात गाठलं. "तुले कधी समजलं?"

"पोहे देतानाच."

"मंग बोलली काहून नाई?"

"एका बशीभर पोह्यात मानूस काय समजते, दादा? आता पाह्यला. जेवल्यावर सोताचं ताट सोता उचलते. आबाले सांग, मले पसंत हाय."

वडील आणि मामा तणतणत एसटीत बसले. पुंडलिक माझाच शर्ट घालून गेला, आणि तो परत द्यायला आला तेव्हा लग्नाची तारीख घेऊन आला.

आता सांगा, मी चुकलो का? फोड होते. मी फोड म्हणालो!

आजही जावईबुवा माझ्या उंबऱ्याशी थांबतात आणि मान वाकवतात. "पाहा साळेबुवा. येऊ काय आत?"

मी चष्मा लावून नीट तपासतो. आजवर एकदाही 'साफ आहे' असं म्हटलेलं नाही.