एकोणीस कार्डांवरचा एक नंबर

या, इकडे जवळ येऊन बसा, आणि तो मोबाईल जरा पालथा ठेवा. मला तुमच्याशी भांडायचंच आहे. फॉर्म भरायला बसता, मोबाईल नंबरचा रकाना आला की नवऱ्याचा, भावाचा, शेजारच्या काकूंचा, जो आठवेल तो नंबर लिहून मोकळे होता. वर म्हणता, नुसता नंबर तर आहे. असाच नुसता एक नंबर मी पोलीस ठाण्याच्या टेबलावर पाहिला आहे आणि त्याच्यापायी एका बाईला अटक करायला निघाले होते. तो दिवस आठवला की अजून माझी मलाच लाज वाटते. म्हणून सांगते, नीट ऐका.

मी दहावीवर शिपाई म्हणून लागले. संगणक कोणी शिकवला नाही; लेखनिक जेवायला उठला की त्याच्या खुर्चीत बसून शिकले. निवृत्तीच्या वेळी सहायक उपनिरीक्षक होते, अकोल्याजवळच्या एका ग्रामीण ठाण्यात. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर मुळीच नाही. ती सगळी अजून तिथेच राहतात.

महिन्याचा पहिला आठवडा होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी उघडली, तेवढ्यात एका गावचा रेशन दुकानदार आत आला. आमच्याकडे त्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. इस्त्रीचा सदरा, हातात फाईल, बोलणं मऊ. म्हणाला, गोपनीय खबर द्यायची आहे, माझं नाव येऊ देऊ नका. गावातल्या काही म्हाताऱ्या माणसांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत. अशांसाठी सोय अशी, की कार्डाला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि तो सांगितला की मशीन धान्य सोडतं. तर सात म्हाताऱ्यांचं धान्य तीन महिन्यांपासून ओटीपीवर कोणीतरी उचलून नेत होतं. त्यानं फाईल उघडून यादी माझ्यापुढे सरकवली. सातही कार्डांवर एकच मोबाईल नंबर. सातच कशाला, त्या गल्लीतल्या एकोणीस कार्डांवर तोच. नंबर गावातल्या फुलवालीचा.

"दुकानात गर्दी राह्यते मॅडम. कोण थैला घेऊन आलं अन् कोड सांगून गेलं, मी कुठवर पाहू?" तो म्हणाला.

मला ते पटलं. पटायला कारणही होतं. दोनच दिवसांपूर्वी त्याच गल्लीतल्या एका सुनेनं आमच्याकडे लेखी अर्ज दिला होता. तिच्या सासूला तीन महिने 'मशीन घेत नाही, पुढल्या महिन्यात या' म्हणून रिकामं पाठवत होते. सून बारावी झालेली. तिनं मोबाईलवर सरकारची साइट उघडली, कार्डाचा नंबर टाकला, तर तिथे तिन्ही महिने गहू-तांदूळ दिल्याची नोंद. घरात दाणा नाही आणि कागदावर सगळं पोचलेलं. पूर्वीच्या वहीत हे तिला कधी दिसलंच नसतं, हेही सांगून ठेवते.

ठाणेदार साहेबांनी दोन्ही कागद बघितले आणि म्हणाले, बाईला आणा, जबाब घ्या, दिवस मावळायच्या आत अटक दाखवा. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, म्हणून घाई.

मी एक महिला शिपाई घेऊन गावात गेले. कार्डांवर कोणाचा नंबर आहे हे आमच्याआधी गल्लीत पोचलं होतं आणि गल्लीनं निकालही लावून टाकला होता. नळावर बायका पाणी भरत होत्या आणि फुलवालीची घागर रांगेबाहेर, बाजूला काढून ठेवलेली. ती स्वतः पंचेचाळिशीची, काटक बाई. झेंडू आणि शेवंती लावायची, तोडायची, अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायची. आम्हाला बघून तिनं फुलांचा डाला डोक्यावर घेतला आणि गाडीत येऊन बसली. डाला कशाला, असं विचारलं तर म्हणाली, घरी ठेवला तर आज याले कोणी हात लावणार नाही, सडून जाईल.

ठाण्यात तिला खुर्ची दिली तर ती खाली बसली. मी यादी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. नंबर तिनं एका दमात म्हणून दाखवला.

"म्हणजे तुमचाच आहे," मी म्हटलं.

"माया होता. आता नाई."

"मग कोणाचा आहे?"

"मले का मालूम? लॉकडाऊनमंदी देवळं बंद झाली, फुलं वावरातच सडली. रिचार्ज कायचा मारता? बंद पडला तो नंबर. मंग मी दुसरा घेतला."

"आणि एकोणीस कार्डांवर तुमचाच कसा?"

यावर तिनं जे सांगितलं ते असं. कार्डांचा कॅम्प लागला तेव्हा फॉर्मवर मोबाईल नंबर पाहिजे होता आणि त्या गल्लीत मोबाईल एकाच घरात, तिच्याकडे. बाजाराचे भाव विचारायला तिनं तो घेतला होता. सगळ्यांनी तिचाच नंबर लिहिला. पुढे कोणाचाही मेसेज आला की ही फुलं टाकून धावायची. सिलिंडरचा आला तर या घरी, कार्डाचा आला तर त्या घरी. वाचता येत नसल्यामुळे मोबाईलच नेऊन समोर धरायची.

मी तिच्यावर आवाज चढवला. उलटसुलट तेच तेच विचारलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट जरा सुधारतो, नेमकं बोलायला लागतो. ही प्रत्येक वेळी तितकंच आणि तसंच सांगत होती. मधेच तिनं विचारलं, मॅडम, फुलावर पाणी शिंपडू का? मी हो म्हटलं. ती उठली, माठातून ओंजळभर पाणी घेतलं आणि शांतपणे शिंपडून परत बसली. मग म्हणाली, "मले जेलात टाका, पण गल्लीत एक सांगून देजा. म्हाताऱ्याईच्या तोंडचा घास मी खाल्ला नाई."

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून आम्ही तो नंबर कागदावर दहा वेळा वाचला होता, लावून मात्र कोणीच बघितला नव्हता. सीडीआर, म्हणजे त्या नंबरच्या कॉलची नोंद, मागवायचं पत्र सायबर सेलला गेलं होतं, पण ते यायला दिवस लागतात. साहेबांना विचारून मी माझ्या मोबाईलवरून नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. खाली बसलेली ही बाई त्या नंबरची मालकीण, तर घंटी तिच्याच मोबाईलवर वाजायला हवी होती. पण घंटी वाजली ती दुसरीकडेच कुठेतरी. दुसऱ्याच घंटीला एका बाईनं फोन उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत बोलायला लागली.

"रेशनवाले भाऊ का? थांबा जरा. आज अजून मेसेज आला नाही. आला की लगेच सांगते."

फुलवाली माझ्या मोबाईलकडे अशी बघत होती, जसं काही कोणीतरी तिच्या घरात शिरलं आहे.

मी सांभाळून बोलले. ती बाई धारणीच्या पुढच्या एका गावात अंगणवाडी चालवत होती. दोन वर्षांपूर्वी धारणीतल्या दुकानातून नवं सिम घेतलं, तोच नंबर मिळाला. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते. आज मी चटकन सांगते, त्या दिवशी आमच्या ठाण्यात हे कोणालाही माहीत नव्हतं. साहेबांनी अटक थांबवली, फुलवालीचा जबाब नोंदवून तिला घरी सोडलं आणि मला जीप दिली.

दुसऱ्या दिवशी अकोटवरून घाटातून आम्ही निघालो. रस्ता असा की जीपमध्ये डोकं टपाला लागत होतं. अंगणवाडीची ताई आम्हाला गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी भेटली, कारण त्या गावात रेंज तिथेच येत होती. तिनं सगळं सांगितलं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती पोरांचा आहार वाटून झाला की टेकडी चढून त्या टाकीपाशी येऊन उभी राहायची. अकोल्याकडचा कोणी भाऊ फोन करायचा, की ताई, चुकून तुमच्या नंबरवर ओटीपी येतो, तुम्ही सांगितला नाही तर गरिबाचं धान्य अडकतं. म्हणून ती यायची, मेसेजची वाट बघायची आणि वाचून दाखवायची.

"तुम्ही कधी विचारलं नाही, कोणाचं धान्य?" मी म्हटलं.

"कोणाचं का असेना, भूक तर असेल ना मॅडम."

तिला खरं काय ते सांगावं लागलं. ती टाकीच्या ओट्यावर बसली. मग उठून अंगणवाडीत गेली आणि एक रजिस्टर घेऊन आली. पुढची पानं पोरांच्या वजनांची. मागच्या पानांवर रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, सांगितलेला ओटीपी, फोन कोणत्या नंबरवरून आला. एकही ओळ गाळलेली नाही. हे कशासाठी लिहिलं असं विचारलं, तर म्हणाली, आमच्या कामात कागदावर नसलं तर ते झालंच नाही असं धरतात, सवय लागली आहे.

पंचनामा करून रजिस्टर ताब्यात घेतलं. तहसीलच्या पुरवठा विभागातून दुकानाच्या मशीनचा तपशील मागवला. दोन्ही शेजारी ठेवले तर मिनिटाला मिनिट जुळत होतं. नंतर सीडीआरही तेच बोलला. फोन करणारा नंबर त्या मऊ बोलणाऱ्या दुकानदाराच्या स्वतःच्या नावावर होता. सुनेनं साइटवर नोंद बघितल्याचं गावात बोललं गेलं तेव्हा तो घाबरला आणि आपणच फाईल घेऊन आमच्याकडे आला. खबर देणाराच संशयिताचं नाव, कागद, झेरॉक्स सगळं तयार करून आणतो तेव्हा आधी खबर देणाऱ्याला पाणी द्यावं आणि बसवून ठेवावं, हे मी तेव्हापासून नव्या पोरींना सांगत आले.

चौकशीत तो फार टिकला नाही. पहिला ओटीपी खरा होता, असं म्हणाला. एका म्हाताऱ्याचा अंगठा लागेना, यानं त्या नंबरवर फोन लावला, पलीकडून अनोळखी बाईनं काही न विचारता आकडे सांगितले आणि म्हातारा धान्य घेऊन गेला. दुसऱ्या महिन्यात म्हाताऱ्याला परत पाठवलं आणि आकडे मात्र त्या बाईकडून घेऊन धान्य स्वतःच ठेवलं. "तिनं एकदाही विचारलं नाही मॅडम," हे तो असं सांगत होता की जणू चूक तिचीच. गुन्हा दाखल झाला, दुकानाचा परवाना निलंबित झाला, सातही घरांना अडलेलं धान्य मिळालं. अंगणवाडीच्या ताईला आरोपी करावं असं एका वरिष्ठांचं मत होतं. मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. ती साक्षीदार झाली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? मशीननं कोणाला फसवलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा लागला नाही तरी धान्य मिळावं म्हणूनच ती सोय केली होती, आणि चोरी पकडली तीही नोंदींनीच. घोटाळा झाला तो मधल्या जागेत, जिथे आपण समजतो की नंबर म्हणजे माणूस. नंबर फिरत राहतो. माणसाला समोर बसवून विचारावं लागतं. नवी सोय आली की मी आता घाबरत नाही, पण तिच्यात म्हाताऱ्या बाईचा अंगठा कुठे बसतो, ते आधी बघते.

पंधरा दिवसांनी त्या गावच्या शाळेत पुरवठा विभागाचा कॅम्प लागला. एकोणीस कार्डांवरचे नंबर बदलले. बारावी झालेली सून दिवसभर टेबलाशी बसून प्रत्येकाचा नंबर स्वतः लावून बघत होती. समोरच्याच्या खिशात घंटी वाजली तरच लिहायची. मी शाळेच्या मैदानात सगळ्यांसमोर उभी राहिले आणि फुलवालीला ठाण्यात नेलं ही आमची चूक होती, असं गणवेशात सांगितलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. पण तीन महिने रिकामी थैली घेऊन फिरलेली ती सासू काठी टेकत उठली आणि फुलवालीच्या शेजारी जाऊन बसली. मग बाकीच्या बायका सरकल्या.

निघताना फुलवाली माझ्या जीपपाशी आली. म्हणाली, मॅडम, तो माया जुना नंबर लावून द्या, मले बोलाचं आहे. मी जरा बिचकले. जिच्यामुळे गल्लीनं हिला तोडलं, तिला ही काय बोलणार? पण लावून दिला. घंटी बराच वेळ वाजली. ताई आता असे फोन उचलते की नाही कोण जाणे, असं मला वाटायला लागलं. शेवटी तिनं उचलला. फुलवालीनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली,

"ताई, मी त्या नंबरची पयल्यांदीची बाई बोलून राहिली. रडू नका. तुमी का कोणाचं वाईट केलं का? टेकडी चढून चढून पाय मोडले असतील तुमचे. ऐका, शेवंती आता भरात आली हाय. लेकराईले घेऊन या आमच्या वावरात, दोन रोज राहा. लवकर येजा."