केलं का, सर?

मावशी आधी चष्मा काढून उघड्या बायबलवर ठेवत आणि मग विचारत, "मागच्या मंगळवारचं केलं का?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याला एकच प्रश्न येतो आणि नेमका तोच आपल्याला नको असतो. नाशिकरोडला मावशींच्या एका खोलीत आम्ही पाच जण जमायचो. मावशी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया, मी निवृत्त हेडमास्तर. पहिल्या दिवशी मी तीन जाडजूड संदर्भग्रंथ पिशवीतून नेले होते. मावशींनी त्यांच्यावर चहाचा ट्रे ठेवला.

पद्धत अगदी साधी. उतारा दोनदा वाचायचा, आपल्या शब्दांत सांगायचा आणि त्यातलं या आठवड्यात आपण काय करणार, ते प्रत्येकानं बोलायचं. पुढच्या मंगळवारी जाब. एकाचंही राहिलं असेल तर पुढचा धडा नाही, तोच पुन्हा.

माझ्यामुळे सगळे अडकले. उतारा असा, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. माझा धाकटा भाऊ चांदवडला. वडिलांच्या दफनविधीत प्रार्थना करताना त्यानं एका स्तोत्राचा क्रमांक चुकीचा सांगितला आणि मी चारचौघांत, मोठ्यानं, तो दुरुस्त केला. सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नव्हता. फोन करीन असं मी म्हणालो खरा, पण हेडमास्तरांनी आधी फोन करायचा म्हणजे काय?

पहिल्या आठवड्यात नेटवर्क नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी 'समेट' म्हणजे नेमकं काय, यावर वीस मिनिटं बोललो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "लय छान सांगितलं, सर. पण केलं का?" तिसऱ्या आठवड्यात बाकीचे माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसे बघू लागले. चौथ्या आठवड्यात मी सरळ ठोकून दिलं, "केला फोन."

सगळ्यांनी हुश्श केलं. मावशींनी हात जोडले आणि माझ्या भावाचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. मला माझीच लाज वाटली.

सकाळी पहिली एसटी धरली. भावानं दार उघडलं, पाणी दिलं, पण बोलेना.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तू प्रार्थना करशील?"

त्यानं केली. क्रमांक पुन्हा तोच, चुकीचा. मी जीभ आवरली आणि आमेन म्हटलं.

पुढच्या मंगळवारी खोटं कबूल केलं, तर मावशी शांतपणे चष्मा पुसत होत्या. "कळलं होतं मला. तुम्ही कधी दोन शब्दांत आटोपता का?"

यंदा मावशी झोपेतच गेल्या. त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही चौघं त्यांच्याच खोलीत जमलो, कुणीतरी पुढचं पान उघडलं. तेव्हा आठवलं, मावशींचं एक राहिलं होतं. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, त्यांचा एक हात लुळा आहे. त्यांची नखं याही वेळी कापून देते, असं त्या म्हणाल्या होत्या. मग पुढचा धडा कसा घ्यायचा? बायबल मिटलं.

नेलकटर घेऊन मी खाली गेलो. पहिलं बोट हातात धरलं आणि लगेच नखांची निगा कशी राखावी, ते सांगायला लागलो.

"मावशी बोलत नसायच्या," आजोबा म्हणाले.

मावशींची फार आठवण आली. मी गप्प बसलो आणि दहाही नखं कापली.