चांद्याचा मागचा पाय

पोशीरच्या गोमाला माणसांची किळस फार उशिरा, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर येऊ लागली. तोवर त्याला कशाचीच किळस नसे, आणि त्याच्या कामाला तेच सोयीचं होतं.

गोमा गुरं डागायचा. बापाकडून आलेली एक लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली. तिलाच डागणी म्हणत. कुठलं जनावर बांधावरून पडून कमरेत लुळं झालं की गोमाला बोलावणं यायचं. चौघांनी जनावर दाबून धरायचं, गोमाने गोवऱ्यांत लाल केलेली डागणी पाठीच्या कण्याला दोन्ही अंगांनी ओढायची. केस आणि कातडं जळायचं, मालक नाकाला फडकं लावायचा. गोमा लावत नसे. मग डागणीचं टोक मागच्या खुराच्या बेचक्यात टेकवायचं. पाय झटकन आखडला की गोमा म्हणायचा, "जीव हाय पायात. उठंल." मालक नारळ फोडायचा, गोमा खोबऱ्याची एक वाटी घेऊन घरी जायचा. पुढे जी जनावरं उठत ती गोमाच्या हातगुणाने, आणि जी उठत नसत ती मालकाच्या नशिबाने. या न्यायात तीस वर्षांत कुणाला खोट दिसली नाही.

अडुसष्ट सालच्या माघात कोंडाण्याच्या रानातून लाकडं आणताना गोमाची स्वतःचीच गाडी उतारावर कलंडली आणि ओंडका त्याच्या चांद्या बैलाच्या कमरेवर आला. चांद्या पुढच्या पायांवर रेटा देऊन उठू बघायचा. मागचं धूड पोत्यासारखं जागीच. त्याला फळीवर घालून गोठ्यात आणलं. गोमाने डागलं, खुराच्या बेचक्यात टेकवलं, पाय आखडला. बायकोला, गौराबाईला, तो म्हणाला, "उठंल."

आजवर नारळ फुटल्यावर जनावराचं पुढे काय होतं हे गोमाने पाहिलेलं नव्हतं. या खेपेला जनावर त्याच्याच दारात होतं. आठव्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा डागलं, पंधराव्या दिवशी तिसऱ्यांदा. चांद्याचं मूत आपोआप झिरपत राही. जमिनीला टेकलेली कूस सडली. डागांत अळ्या पडल्या. गौराबाई सीताफळीचा पाला वाटून त्यात भरायची, आणि सकाळी पाल्यावर अळ्या असायच्या.

आणि गाव बघायला यायचं. शेजारचा नामा तर शेलूहून आलेले पाहुणेही घेऊन आला. नाकाला धोतराचा सोगा लावून त्याने काठीने खूर टोचला, पाय आखडला, पाहुणे खूश झाले. एकाने पुन्हा टोचून पाहिलं. मग सगळे नामाकडे चहाला गेले. गोमाला पहिल्यांदा किळस आली, ती अळ्यांची नव्हे.

त्या आठवड्यात गौराबाई एकटीच कर्जतला गेली आणि गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला घेऊन आली. नवऱ्याला तिने विचारलं नव्हतं. डॉक्टर घाटावरचा, किडकिडीत, सायकलवाला. गोठ्यात शिरताना त्याने नाकाला रुमाल लावला नाही, एवढं गोमाने टिपलं. डॉक्टरने चिमट्याने मागचा खूर दाबला. पाय आखडला.

"बगितलं?" गोमा म्हणाला. "जीव हाय."

"पायाकडे नका बघू," डॉक्टर म्हणाला. "तोंडाकडे बघा."

त्याने पुन्हा चिमटा लावला. पाय आखडला, चांद्या रवंथ करत राहिला. डोळा हलला नाही, कान फिरला नाही. मग डॉक्टरने पुढचा खूर दाबला. चांद्याने मुंडी झटकली, फुरफुरला, डोळे पांढरे केले. पुन्हा मागचा. पुन्हा रवंथ.

डॉक्टरने समजावलं ते असं: कण्याच्या आत बोटाएवढी जाड दोरी असते, ती तुटली. खालचा तुकडा आपल्यापुरता पाय ओढतो, पण डोक्याला खबर जात नाही. मुंडी उडवलेली कोंबडी अंगणभर धावते, तसंच. अशी कोंबडी गोमाने जत्रेत शेकड्याने पाहिली होती. तिला कुणी "उठंल" म्हटलेलं त्याला आठवेना.

ती दोरी जुळत नाय का, त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाला, काही माशांची जुळते. पालीची शेपटी तुटली तर नव्या शेपटीत ती थोडीफार परत वाढते. बैलाची नाही, माणसाचीही नाही. नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत आपोआप सुधारते. त्याला कोरडा पेंढा आणि दिवसातून चारदा कूस बदलणं पुरतं, लोखंड लागत नाही.

"पालीला दिलं आन् बैलाला नाय," गोमा म्हणाला. "पाल काय नांगर ओढती?"

हा प्रश्न डॉक्टरच्या परीक्षेत कधी आला नसावा. त्याने चिमटा पुसून पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी गोमाला विचारून डॉक्टरने शेवटची सुई दिली. चांद्याची मुंडी गोमाने मांडीवर धरली होती. रवंथ थांबला, आणि जरा वेळाने मागचा पाय एकदा हलला. कुडापाशी उभा असलेला नामा मागच्यांना म्हणाला, "बगा. जीव व्हता."

डागणी गोमाने विहिरीत टाकली. गावाच्या मते त्याने बैल मारला तो मारलाच, वर बापाची विद्याही बुडवली.

सहा महिन्यांनी नामाची गाय गोठ्यात घसरून कमरेत बसली. गोमा आपण होऊन गेला. त्याने मागचा खूर चिमटीत धरून दाबला आणि पायाकडे बघितलंच नाही. गाईने मान वळवली आणि हंबरली. तो नामाला म्हणाला, हिला कळतंय, ही उठंल. पेंढा घाल, कूस बदल, डागू नको. नामाने सगळं ऐकून घेतलं आणि खालापूरहून सखा डागणीवाल्याला आणलं.

एकोणिसाव्या दिवशी गाय उठली. सख्याचा हातगुण वांगणीपर्यंत गाजला.

गोमा बघायला गेला तेव्हा गाय उभी होती. कण्याच्या दोन्ही अंगांना डागांचे पट्टे, त्यांत पू आणि माश्या. नामाने त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

"घे रं गोमा. तुजा हात गेला, पन मानूस तू वाईट नाय."

गोमाने खोबरं गव्हाणीच्या कडेला ठेवलं आणि घरून वाटून आणलेला सीताफळीचा पाला जखमेत भरायला घेतला. गाय मुंडी फिरवून हंबरली.

"दुखतंय तिला," नामा म्हणाला.

"व्हय. डागलं तवाबी दुखलं आसंल," गोमा म्हणाला. "तोंडाकडं कोन व्हतं?"

नामा म्हणाला, तोंड दाबून धरायला दोघं होते की. गोमाने त्याच्याकडे बघितलं. मग खांद्यावरचं फडकं काढून, जन्मात पहिल्यांदा, नाकाला बांधलं आणि पुन्हा खाली वाकला. नामाला वाटलं, जखमेच्या वासाने.